नवलाईच्या बावीतला थेंब

रत्नागिरीच्या त्या हायस्कुलात विज्ञान कोणी शिकवलं असं त्या काळच्या मुलांना विचारलं, तर ती खांबेटे मास्तरांचं नाव सांगतील. पण सूक्ष्मदर्शकातून बघायला कोणी शिकवलं असं विचारलं, तर जरा थांबतील, हसतील आणि म्हणतील, महिपतने. महिपत शाळेचा शिपाई होता. त्याला सही करता येत नव्हती, हजेरीच्या कागदावर तो अंगठा उठवायचा. पण काचपट्टीवर पाण्याचा थेंब ठेवून त्यावर पातळ काच तिरकी टेकवून अशी सोडायची की आत हवेचा एक बुडबुडा राहू नये, हे काम सबंध शाळेत त्याच्याइतकं कोणाला साधत नव्हतं. खुद्द मास्तरांनाही नाही, आणि मास्तर ते चारचौघांत कबूल करत.

यंत्र आलं १९२६ साली. मुंबईत डॉक्टरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ते शाळेला दिलं होतं. पितळेची नळी, खाली काळा जड पाय, एक वाटोळा आरसा आणि हे सगळं बसेल अशी सागवानी पेटी. पुस्तकात त्याला सूक्ष्मदर्शक म्हणत, पोरं त्याला दुर्बीण म्हणत आणि महिपतही दुर्बीणच म्हणे. पहिल्याच वर्षी एका उतावळ्या पोराने वरच्या भिंगाला डोळा लावून मोठा स्क्रू खाली फिरवला, तो खालचं भिंग काचपट्टीवर टेकून पट्टी कडकन फुटेपर्यंत. भिंग वाचलं ते नशिबाने. त्या दिवसापासून महिपतने आपला एक नियम केला आणि तो पंधरा वर्षं मोडू दिला नाही. नळी खाली आणायची ती बाहेरून, बाजूला वाकून, भिंग आणि काच यांच्यातली फट बघत. डोळा लावल्यावर नळी न्यायची ती फक्त वर. मुलगा वकिलाचा असो की मामलेदाराचा, डोळा लावून त्याने स्क्रू उलटा फिरवला की महिपतचा हात त्याच्या मनगटावर पडलाच म्हणून समजा.

बाकीच्याही त्याच्या पुष्कळ तऱ्हा होत्या. आरसा कधी उन्हाकडे धरू द्यायचा नाही, खिडकीतल्या मोकळ्या आभाळाकडे धरायला लावायचा. दोन्ही डोळे उघडे ठेवायला सांगायचा, एक मिटला की दुसरा लवकर थकतो म्हणे. बुडबुड्याचा जाड काळा घेर बघून कोणी जंतू जंतू म्हणून नाचायला लागला, तर त्याला शांतपणे म्हणायचा, तो वारा आहे, वाऱ्याला पाय नसतात. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत भिंगावर बुरशीचं जाळं धरतं, म्हणून आषाढ ते भाद्रपद तो पेटीत ओल शोषणाऱ्या चुनकळीची पुरचुंडी ठेवायचा आणि दर आठ दिवसांनी बदलायचा.

हे सगळं खरं असलं, तरी महिपतचं त्या यंत्रावर प्रेम होतं असं कोणी म्हणू नये. १९३१ सालापासून तो त्याच्याकडे बघायचा ते, आपलं गुपित ठाऊक असलेल्या माणसाकडे बघावं तसं. ते गुपित त्याला एका माणसाला सांगायचं होतं, स्वतःच्या बायकोला, जनीला. आणि तेवढी छाती त्याला होत नव्हती.

महिपतचं गाव चाफेकोंड, रत्नागिरीहून चार कोस आत. शनिवारी शाळा अर्धी असे, ती सुटली की तो चालू लागायचा आणि दिवेलागणीला घरी पोचायचा. रविवार घरचा. सोमवारी पहाटे परत. घरी जनी होती आणि मुलगी होती, तुळसा. त्यांचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते, त्यानंतरची ही. बोलायला लागली तेव्हापासून तिचं तोंड म्हणून कधी मिटलं नाही. शनिवारी बापाच्या वहाणा वाजल्या की ती बांधावर पळत यायची आणि पहिला प्रश्न दुर्बिणीचा. मुंगीचे डोळे दिसतात काय? मग मुंगीला आपण दिसतो काय? केसाच्या आत काय असतं? महिपतला जेवढं माहीत असे तेवढं तो सांगायचा आणि नसे तिथे थापा मारायचा. मला कधी दावशील, असं ती विचारायची, तेव्हा तो म्हणायचा, पुढल्या वर्षी. शिपायाची पोर शाळेत नेऊन वकिलांच्या मुलांच्या दुर्बिणीला डोळा लावायला सांगायचं त्याच्या जिवावर यायचं. मास्तरांना विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते, हे त्याला पुढे कळलं.

आता त्या बावीबद्दल सांगितलं पाहिजे. पायऱ्यांच्या विहिरीला तिकडे बाव म्हणतात. चाफेकोंडची बाव देवळाच्या खालच्या अंगाला, जांभ्यात खोदलेली. गावाची देवी नवलाई, म्हणून ती नवलाईची बाव. पाऊसकाळात ती काठोकाठ भरायची, पण चैत्र-वैशाखात पाणी तळच्या चार पायऱ्यांवर यायचं, आणि बायका खाली उतरून, घोटाभर पाण्यात उभ्या राहून हंडे बुडवायच्या. आणि गावाची एक जुनी रीत होती. ज्याच्या पायाला नारू निघेल त्याने तीन मंगळवार बावीच्या शेवटच्या पायरीवर पाय सोडून बसायचं आणि उठताना काठावर नारळ ठेवायचा.

नारू म्हणजे काय ते आता कोणाला सांगावं लागतं, तेव्हा सांगावं लागत नसे. घोट्यापाशी फोड यायचा, निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची आणि फोड फुटला की आतून दोऱ्यासारखा लांबच लांब किडा बाहेर डोकवायचा. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, पंधरा दिवस, महिनाभर. पाय पाण्यात सोडला की त्या तोंडातून पांढुरकं काहीतरी निघून पाण्यात विरायचं आणि आग थांबायची. लोक म्हणत, देवी विष ओढून घेते. आग थांबत होती ही गोष्ट खरीच होती, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती.

१९२८ च्या मे महिन्यात महिपत जनीच्या माहेरी लग्नाला गेला आणि चार दिवस तिथल्या तळ्याचं पाणी प्याला. जनी आणि तुळसा त्या खेपेला गोवराच्या साथीमुळे गेल्या नव्हत्या. त्या आधी तीन वर्षं चाफेकोंडात नारू नव्हता. १९२९ च्या चैत्रात महिपतच्या उजव्या घोट्याला फोड आला. त्याने रीतीप्रमाणे तीन मंगळवार रजा काढून बावीत पाय सोडला. शेजारी दोन पायऱ्या वर तुळसा बसून होती, बापाला सोबत म्हणून. पांढरं पाणी बाहेर पडताना बघून तिने विचारलं की हे दुर्बिणीत कसं दिसेल. महिपत हसला होता. आग थांबल्याच्या सुखात होता तो.

पुढच्या चैत्रात गावात अकरा घरांत नारू निघाला. त्यात तुळसाही होती. नऊ वर्षांची पोर, पायाला काडी बांधून घरात बसवत नव्हतं तिला. एके सकाळी आईच्या मागे बावीवर गेली, पायरीवरून घसरली आणि काडीला गुंडाळलेला किडा आतल्या आत तुटला. पायाची सूज मांडीपर्यंत चढली. धोत्र्याचा पाला बांधून झाला, देवीला कौल लावून झाला. डोलीत घालून रत्नागिरीच्या इस्पितळात नेली तेव्हा तिला ताप असा होता की बापाला ओळखत नव्हती. तिसऱ्या दिवशी ती गेली. इस्पितळापासून शाळा दोन हाकांच्या अंतरावर होती. एवढ्या जवळ येऊनही तिला दुर्बीण दिसली नाही, हे महिपतच्या मनातून कधी गेलं नाही.

त्यानंतर तो बोलायचा कमी झाला, पण कामात कुठे उणं पडलं नाही. जनीने तुळसाची भांडी-बाहुल्या शेजारच्या पोरींना देऊन टाकल्या. एक तांबडा परकर तेवढा घडी घालून फडताळात ठेवला.

१९३१ च्या फेब्रुवारीत खांबेटे मास्तरांनी वर्गाला सांगितलं की ज्याने त्याने आपापल्या विहिरीचं पाणी बाटलीतून आणावं. पोरांनी आणलं. मास्तरांनी महिपतलाही म्हटलं, तुझ्या गावच्या बावीचं आण, पायऱ्यांच्या विहिरीत निराळे जीव सापडतात. सोमवारी त्याने बाटली आणली. शहरातल्या विहिरींच्या पाण्यात फारसं काही निघालं नाही. मग महिपतने बावीचा थेंब काचेवर घेतला, पातळ काच टेकवली, नळी बाजूने बघत खाली आणली, मग डोळा लावून हळूहळू वर. आणि तो दिसला. पेरूच्या आकाराचं पारदर्शक अंग, पुढे दोन लांब मिशा, मागे अंड्यांच्या दोन पिशव्या आणि कपाळावर मधोमध एकच तांबडा डोळा. झटके देत तो थेंबभर पळत होता. काच उजवीकडे सरकवावी तर तो डावीकडे जायचा, कारण त्या यंत्रात सगळंच उलटं दिसतं.

पोरं रांगेने बघत होती आणि मास्तर सांगत होते. याला इंग्रजीत सायक्लॉप्स म्हणतात, आपण एकडोळ्या म्हणू. हा स्वतः गरीब आहे, कोणाला चावत नाही. पण नारू झालेला माणूस पाण्यात पाय घालतो तेव्हा नारूची हजारो पिलं पाण्यात सुटतात, आणि हा ती गिळतो. असा एकडोळ्या पाण्याबरोबर माणसाच्या पोटात गेला की आतलं पिलू सुटतं, वाढतं, आणि वर्षाने पायातून बाहेर येतं. वर्ष जातं म्हणूनच लोकांना त्याचा संबंध कळत नाही.

महिपत मागे खिडकीशी पुसलेल्या काचा घेऊन उभा होता. त्याने एक वर्ष मागे मोजलं, मग आणखी एक. शिकलेल्या माणसाला ते गणित करायला वेळ लागला असता, त्याला लागला नाही. त्याच्या हातातून काचा पडल्या नाहीत की काही नाही. त्याने त्या ओळीने पेटीत ठेवल्या, एकेक.

शाळा सुटल्यावर तो मास्तरांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"मास्तर, वर्स म्हंजी बरोबर वर्सच काय?"

"साधारण. दहा महिने, बारा महिने. का रे?"

महिपतने सगळं सांगितलं, लग्नापासून. मास्तर ऐकत राहिले. मग म्हणाले की तुला माहीत नव्हतं, न कळता झालेल्याला पाप म्हणत नाहीत. मास्तर भले गृहस्थ होते, त्यांनी मनापासूनच सांगितलं. पण ज्याची पोर गेली त्याला असल्या बोलण्याचा काय उपयोग? महिपतने एवढंच विचारलं की यावर उपाय काय. उपाय फार सोपा होता. नारूवाल्याने पाण्यात पाय घालायचा नाही, आणि पिण्याचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचं. एकडोळ्या फडक्यात अडकतो. एवढा सोपा उपाय ऐकून महिपत तिथेच खाली बसला.

त्या शनिवारी तो घरी गेला तो जनीला सांगायचंच असं ठरवून. जनीने भात वाढला, माशाची कढी वाढली, म्हैस आटल्याचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. पुढच्या शनिवारी तेच. पाणी गाळायला सांगावं तर ती विचारणार, का. का ते सांगायचं तर सगळंच सांगायला हवं. वकिलाच्या पोराचंही मनगट धरणारा हा माणूस, बायकोसमोर मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तिला दुसरं मूल झालं नव्हतं. आपण तिला हे सांगितलं तर ती उरलेला जन्म कोणाच्या तोंडाकडे बघून काढील, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो काही खोटा नव्हता.

मग शिमगा आला. मुंबईचे चाकरमानी गावी आले, पालखी निघाली. आणि शेजारच्या सदूच्या पायाला फोड आला. त्या सालचा पहिला नारू. येत्या मंगळवारी सदू बावीत पाय सोडून बसणार होता.

महिपत रविवारी दुपारीच परत रत्नागिरीला निघाला आणि थेट मास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिला. दुर्बीण गावात न्यायला हवी म्हणाला. मास्तरांनी हेडमास्तरांना विचारलं. यंत्र शाळेच्या आवाराबाहेर कधी गेलं नव्हतं. हेडमास्तर म्हणाले की मास्तर स्वतः बरोबर जाणार असतील तर न्यावं. मंगळवारी पहाटे दोघं निघाले. पेटी महिपतने डोक्यावर घेतली. चार कोसांत एकदाही त्याने ती खाली टेकवली नाही.

गाव देवळासमोरच्या सहाणेवर जमलं, जिथे शिमग्यात पालखी टेकते. पुरुष पुढे, बायका एका अंगाला आणि त्यांच्यात अगदी मागे जनी. सदूला बावीवर जाऊ न देता महिपतने त्याचा पाय परातीतल्या पाण्यात ठेवायला लावला. पांढुरकं निघालं. त्यातला थेंब काचेवर आला. पहिला मान देवीचा पुजारी म्हणून काशीराम गुरवाचा. त्याने डोळा लावला आणि म्हणाला, काळी काळी झाडं दिसतात. महिपतने सांगितलं की त्या तुमच्याच पापण्या, डोळा जरा मागे घ्या. लोक हसले. मग काशीरामचा चेहरा बदलला. आत केसासारखे बारीक जीव वळवळत होते, एक नाही, दोन नाही, थेंबभर. तो मागे सरला आणि एकामागून एक माणसं बघू लागली. हसणं थांबलं होतं.

नंतर बावीच्या पाण्यातला एकडोळ्या दाखवून झाला. मास्तरांनी सगळं समजावून सांगितलं, शुद्ध भाषेत, सावकाश. शहाण्या माणसाचं बोलणं लोक जसं ऐकतात तसं त्यांनी माना डोलवून ऐकलं. मग काशीराम म्हणाला की परातीतलं पाणी परातीतलं आणि देवीचं पाणी देवीचं. देवीने जे विष ओढून घेतलं ते ती परत आपल्या लेकरांना कसं पाजील? बापजाद्यांपासून पाय सोडत आले, तेव्हा कोणी सांगायला आलं नाही. हा काशीराम काही वाईट माणूस नव्हता. त्याच्या तोंडून गावच बोलत होतं. दोन-चार माना हलल्या आणि सदू उठून काठी चाचपू लागला. बावीकडे जायला.

महिपत यंत्रापाशी उभा होता. त्याने बायकांच्या बाजूला एकदा बघितलं. मग बोलला, सदूकडे बघत.

"सदू, बस. आदल्या तीन वर्सांत आपल्या गावात नारू नव्हता, आठव. मग माज्या पायाला निगाला. मी तो लग्नातनं आनला. त्या चैतात बावीत पाय सोडून बसलेला मानूस येकच, तो मी. तुमी समद्यांनी बगितलाव. पुडल्या चैतात अकरा घरांत निगाला. तो देवीचा कोप नाय. माजा पाय हाय तो. माजी तुळसा मी मारली."

सदू खाली बसला. बायकांच्या मागच्या बाजूने जनी उठली आणि घराकडे चालू लागली, वेगाने नाही, नेहमीच्याच चालीने. महिपतला तिच्या मागे जाता आलं नाही. यंत्र उघडं होतं.

तो घरी पोचला तेव्हा जनी चुलीपाशी होती. कळशीच्या तोंडावर तांबडं फडकं दुहेरी बांधलेलं होतं आणि ती त्यावर दुसऱ्या हंड्यातलं पाणी ओतत होती. ते फडकं म्हणजे तुळसाचा परकर. नेसूचं जुनेर घरात होतं, धोतराचा तुकडा होता. तिने परकर घेतला होता. महिपत दारातच उभा राहिला. जनीने मान वर केली नाही.

त्या दिवसापासून जनी नवऱ्याशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. जेवण वेळेवर, शनिवारी अंघोळीचं पाणी तापलेलं. काही सांगायचं झालं तर म्हशीला सांगायची किंवा शेजारच्या बाईला हाक मारून मोठ्याने बोलायची. महिपतने समजावायचा प्रयत्न केला नाही. ही शिक्षा त्याला रास्त वाटत होती. उलट एवढी कमी कशी, असंच त्याला वाटायचं.

गावाचंही काही एका दिवसात पालटलं असं नाही. मास्तर जाताना बजावून गेले होते की यंदा नारू निघणारच, तो गेल्या वर्षीच पोटात गेलेला आहे, फडक्याला दोष देऊ नका. तरी त्या उन्हाळ्यात एकोणीस माणसांना नारू निघाला तेव्हा लोक कुरकुरले. काशीराम येता-जाता विचारायचा की काय महिपत, तुझ्या दुर्बिणीला नारूने विचारलं काय मग. पण गंमत अशी की त्या एकोणिसांतला एकही बावीत उतरला नाही. पाय परातीत सोडायचे आणि ते पाणी लांब कातळावर उन्हात ओतायचं, अशी नवी रीत पडली, आणि नारळ मात्र बावीच्या काठावरच ठेवायचा. ती कल्पना काशीरामचीच. तेवढ्याने त्याचाही मान राहिला आणि देवीचाही. फडकी घरोघर बांधली गेली. ती भीतीने बांधली की लाजेने, कोण सांगणार? बापाने सहाणेवर उभं राहून आपल्या पोरीचं मरण आपल्या पायावर घेतलं, ते ऐकल्यावर कोणाला फडकं न बांधायचं धाडस झालं नाही, एवढं खरं.

१९३२ चा चैत्र उजाडला. दर शनिवारी महिपत घरी जायच्या आधी वाडीवाडीतून फिरायचा आणि लोकांचे पाय बघायचा. पोरांना त्याची मजा वाटे, लांबूनच पाय पुढे करून दाखवत. चैत्र गेला. वैशाखात एकाला निघाला, पण तो घाटावरून आलेला पाहुणा होता. बाकी गावात कोणाला नाही. एकालाही नाही. शेवटच्या शनिवारी सगळे पाय बघून झाल्यावर महिपत देवळाच्या पायरीवर जाऊन बसला आणि काशीराम त्याच्या शेजारी येऊन बसला. त्याने महिपतपुढे तंबाखूची चंची धरली.

त्या रात्री जेवताना जनी बोलली. सव्वा वर्षाने. भांड्याकडे बघत म्हणाली, "मना दावा ती दुर्बीण."

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, पण किल्ल्या महिपतकडे असत. त्याने मास्तरांना विचारून घेतलं. सोमवारी दोघं चालत आली, तो पुढे आणि ती चार पावलं मागे, हातात बावीच्या पाण्याची बाटली. रिकाम्या वर्गात तिला उभं राहायला अवघड झालं. महिपतने स्टूल पुढे केलं, खिडकी उघडली, आरसा आभाळाकडे वळवला. काचपट्टी दोनदा पुसली. थेंब ठेवला, पातळ काच तिरकी टेकवून सोडली. बाजूला वाकून नळी खाली आणली. मग डोळा लावून वर, वर, आणि थांबला. थेंबात एकडोळ्या होता. बावीत ते असतातच.

जनीने डोळा लावला. आधी पापण्या दिसल्या असणार, कारण ती मागे सरली, पुन्हा वाकली. मग बराच वेळ हलली नाही.

"ह्यो अजून हायच?" तिने विचारलं.

"हाय. पर आता त्याच्या पोटात काय नाय. कुनी पाय घातला तरच आसतं."

जनी बघत राहिली. महिपत तिच्या अंबाड्याकडे बघत उभा होता आणि वाट बघत होता. सव्वा वर्ष तो ज्याची वाट बघत होता ते आता येणार, हे त्याला कळत होतं, आणि ते काहीही असलं तरी खाली मान घालून घ्यायचं त्याने ठरवलं होतं.

जनीने डोळा काढला नाही. तशीच वाकून, यंत्राला सांगावं तसं बोलली.

"तुमी पाय घातलाव. पर वाटी तिच्या तोंडाला मी लावली. खेळून आली का रोज पानी मागायची, आन् मी द्यायची. ह्यो आत आसंल, आन् मी म्हनायची, पी बाय, गार हाय."

महिपतला वाटलं होतं की ती त्याच्याशी बोलत नाही. खरं तर ती सव्वा वर्ष स्वतःशीच बोलत नव्हती, ते त्याला तेव्हा कळलं. आपल्याच दुःखाला डोळा लावून बसलेल्या माणसाला शेजारचं दिसत नाही, आणि तोही बाजूने बघायचं विसरला होता, जो उभ्या शाळेला तेवढं एकच शिकवत आला. तो स्टुलापाशी खाली बसला. तुला ठाऊक नव्हतं, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण मास्तर त्याला तेच म्हणाले होते आणि त्याचा काय उपयोग झाला होता ते त्याला आठवलं. मग तो दुसरं बोलला.

"पानी गारच व्हतं," तो म्हणाला. "तिला आवडायचं."

जनी तेव्हा रडली. पोर गेली त्या दिवशी गावाने तिला रडताना बघितलं होतं, त्यानंतर आज. महिपतही रडला. शाळेत कोणी नव्हतं, म्हणून बरं झालं.

नंतर त्याने काच पुसली, नळी वर घेतली आणि पेटी बंद केली. उन्हं उतरायला लागल्यावर ती दोघं घरी निघाली, आणि चार कोस तुळसाबद्दल बोलत गेली.